नऊ इंचाचा चौकोन

३ फेब्रुवारी २०१६, बुधवार. सकाळी ९.

कारखाना बंद होऊन आज एकोणीस दिवस. ऊसच नाही तर गाळणार काय? वजनकाट्यावरच्या आम्हा चौघांना घरी बसवलं आहे. तात्पुरतं. साहेब म्हणाले, निरोप पाठवतो. मला सगळ्यांत आधी बोलावतील, कारण काटा माझ्याइतका कुणाला कळत नाही. तोवर रिकामं बसणं माझ्या स्वभावात नाही.

भिवरानं जुन्या कपड्यांचं गाठोडं काढलंय. आमच्या गीताला सातवा सरत आला. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी, पण इथं पाण्याचे हाल. जावई अर्जुनराव म्हणाले, माजलगावातच करू, तिथं चार दिवसांआड का होईना नळाला पाणी येतं. मला पटलं नाही. हो म्हणालो. पण बाळाची पहिली गोधडी माहेरचीच, बारशाला पाळण्यात तीच अंथरायची. त्यात तडजोड नाही. गीताचा एकच हट्ट आहे, गोधडीत आजीचं लुगडं पाहिजे. आजी म्हणजे भिवराची आई, दगडाबाई. त्यांना जाऊन सात वर्षं झाली. त्यांचं हिरवं इरकली लुगडं भिवरानं जपून ठेवलंय. गीता जन्मली तेव्हा सासूबाईंनी तिला त्यातच गुंडाळलं होतं.

भिवराच्या गोधड्या मी तीस वर्षं पांघरतोय. ऊब आहे, मान्य. पण माप नाही. एक ठिगळ वीतभर, त्याला लागून दुसरं चार बोटं. काट्यावरच्या माणसानं हे किती दिवस बघायचं?

संकल्प : ही गोधडी मी करणार. नऊ इंचाचे चौकोन, सगळे सारखे. मुदत १० मार्च. भिवराला सांगितलं. ती म्हणाली, करा की, पर आधी धाच्या टँकरला जाऊन या. म्हटलं, उद्यापासून.

५ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी.

पट्ट्यांचा अभ्यास. घरात तीन निघाल्या. गीताची शाळेतली प्लॅस्टिकची फूटपट्टी. कारखान्याच्या टेबलावरची लाकडी पट्टी (चुकून घरी आलेली). भिवराच्या डब्यातला शिलाईचा टेप. शिवाय तेलगावला जाऊन एक स्टीलची आणली. म्हणजे चार.

चौघींचं एकमेकींशी जमत नाही. टेप ओढून ओढून लांबलाय, त्याचा फूट इतरांपेक्षा दोन सूत, म्हणजे पाव इंच, मोठा. लाकडीचा एक कोपरा झिजलाय. प्लॅस्टिकची बरी वाटली, रंगीत आहे, आकडे ठळक आहेत. तिच्यावर चाळीस चौकोन कापले. माझ्या जुन्या शर्टांचे, उशीच्या अभ्र्यांचे. लुगडं शेवटी घेणार. आधी सराव.

टँकर आज जमला नाही. मध्येच उठलो असतो तर रेघ हलली असती.

९ फेब्रुवारी, मंगळवार.

मोठा दोष सापडला. माझा नाही, पट्टीचा. प्लॅस्टिकच्या पट्टीवर शून्य अगदी कडेला नसतं, दोन सूत आत असतं. मी कडेपासून धरत होतो. म्हणजे ते चाळीस चौकोन नऊ इंच दोन सूत. नंतर स्टीलवर कापलेले वीस बरोबर नऊ. शाळेतली पोरं असल्या पट्ट्या वापरतात म्हणूनच त्यांचं गणित कच्चं राहतं.

चाळीसची कड छाटायला बसलो. डावीकडून जास्त गेलं, म्हणून उजवीकडून सारखं केलं. मग वरून. शेवटी काही पावणेनऊ, काही साडेआठ. विचार केला तेव्हा लक्षात आलं, नऊ इंच हे तसं बोजड माप आहे. लहान बाळाला आठ इंच जास्त सुबक दिसेल. सगळे आठ करायचे.

भिवरा म्हणाली, आवो, गोधडी शिवायचीय, जमीन मोजायची न्हाई.  कलाकाराला घरात दाद मिळत नाही.

१४ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ५.

तेलगावला उत्तरेश्वर टेलरकडे गेलो. सल्ला घ्यायला नव्हे, सहज. चौकोन दाखवले. त्यानं एक उचलला, तिरका धरून ओढला. चौकोनाचा पतंग झाला. म्हणाला, शहादेवराव, जुनं कापड हाय हे. वढलं की वाढतंय, सोडलं की आखडतंय. आधी धुवा, इस्त्री मारा, मग कापा. म्हटलं, धुवायला पाणी कुठंय? म्हणाला, मग वढू नका. पुढं हेही म्हणाला की गोधडीला पट्टी कावून पाहिजे, डोळ्याच्या मापानं घ्या की.  याच माणसानं माझ्या पँटची एक तंगडी आखूड शिवली होती, डोळ्याच्याच मापानं.

मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. परदेशातली बाई. तिच्याकडे आरपार दिसणारी जाड पट्टी आणि गोल पात्याचं चाकासारखं हत्यार. पट्टी दाबते, हत्यार फिरवते, एका दमात सरळ कड. तेव्हा कळलं, मला हात आहे, फक्त साधनं नव्हती. काचवाल्याकडून जाड प्लॅस्टिकची आरपार पट्टी कापून आणली. गोल हत्यार मिळालं नाही. दाढीचं ब्लेड आहे.

सध्याचं माप : साडेसात.

१७ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ११.

आज एक प्रकार झाला.

सकाळी भिवरा म्हणाली, कंबर धरलीय, आज तुमी जा टँकरला. मी नवीन पट्टीनं कापायला चौकोनांची एक ओळ लावलेली. म्हटलं, दहा मिनिटं. ती मग दोन हंडे घेऊन गेली. पंधरा-वीस मिनिटांनी बायकांचा आरडाओरडा ऐकू आला. टँकरच्या नळीखाली चिखल झालेला, त्यात ती घसरली. उजवं मनगट.

याचा चौकोनांशी काही संबंध नाही. चिखल कुठंही असतो. तसं मी केशरबाईला म्हटलंसुद्धा. केशरबाई शेजारीण, बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष, बोलायला फटकळ. ती म्हणाली, भाऊजी, तीन वरसं झाली पाऊस न्हाई, चिखल हाय कुठं? टँकरखाली हाय तेवढाच.

१८ फेब्रुवारी, गुरुवार.

हाड मोडलंय. प्लॅस्टर. सहा आठवडे हात हलवायचा नाही.

केशरबाई येऊन म्हणाली, गटातल्या पाच जणी बसतो, तीन दुपारांत गोधडी व्हती. भिवरा हो म्हणणार तेवढ्यात मी सांगितलं की घरचं काम आहे, घरातच होईल. मुदत माझी आहे, १० मार्च. बाळ येणार एप्रिलच्या मध्यावर. महिन्याचं मार्जिन ठेवलंय. भिवरा भिंतीकडं बघत बसली. तिचा हात ठणकत असावा.

संकल्प : १) रोज टँकरला मीच जाणार. २) स्वयंपाकात मदत. ३) रोज तीस चौकोन.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार.

टँकरला जायला निघालोच होतो. केशरबाईनं आमचेही हंडे भरून आणले होते. तिला नको म्हणणं बरं दिसलं नसतं. चौकोन अकरा झाले.

२५ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी २.

मन जरा अस्वस्थ आहे. नीट लिहून काढतो, म्हणजे नीट होईल.

ब्लेडनं कापताना खालची सतरंजी दोनदा चिरली गेली. भिवरा चिडली. तिचं म्हणणं रास्त होतं. म्हणून आज खाली काहीतरी जाड घालावं म्हणून गाठोड्यातलं एक घडीचं कापड न बघताच ओढलं आणि सतरंजीवर ठेवलं. वर शर्टाचं कापड, वर पट्टी. चांगलं दाबलं, कारण त्या व्हिडिओतल्या बाईनंही दाबलं होतं. ब्लेड नवीन होतं. एका दमात सरळ कड आली. इतकी सरळ कड आजवर आली नव्हती.

मग शर्ट उचलला. खाली हिरवं दिसलं.

सासूबाईंचं लुगडं. घडी उलगडली. सहा पदरांतून ब्लेड गेलं होतं. सहा ठिकाणी, एका रेषेत, वीतभर चीर.

भिवरा केशरबाईकडं गेली होती. मी पाणी प्यायलो. शांतपणे विचार केला. लुगडं फाटलंच होतं, म्हणजे आता ते अखंड राहिलं नव्हतंच. अर्धवट चिरलेलं कापड गोधडीत वाईट दिसतं. एकदा कापलंच आहे तर नियमानं कापावं. शिवाय गीताला गोधडीत आजीचं लुगडं पाहिजे होतं. चौकोन केले तर ते एका जागी न राहता सगळीकडं येईल. म्हणजे एका अर्थी चांगलंच.

तास-दीड तासात सगळं कापलं. सहा इंचाचे. काठ वेगळे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून डबा कॉटखाली ठेवला. भिवराला सांगेन. हात बरा झाल्यावर सांगितलेलं चांगलं.

२८ फेब्रुवारी, रविवार.

गीताचा फोन. पाय सुजतात म्हणाली. मग मला विचारलं, दादा, आजीचं लुगडं घेतलं का? म्हटलं, घेतलं, पूर्ण घेतलं. हे खोटं नाही.

ती म्हणाली, लई मऊ हाय ते, बाळाच्या अंगाला लागू द्या. म्हटलं, काळजी करू नको.

भिवरा आज म्हणाली, लुगडं खालून अख्खं आंथरा, त्याच्यावर बाकीचं लावा. खालचं कापड अख्खं पाहिजे, न्हाई तर गोधडी बसत न्हाई, गोळा व्हती. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हटलं, बघतो.

१० मार्च, गुरुवार.

आज मुदत. गोधडी पूर्ण नाही, तयारी पूर्ण आहे. यात फरक आहे.

शिवायला बसलो. सुईत दोरा ओवायला वीस मिनिटं. चार चौकोन जोडले. मधोमध चार कोपरे भेटायला पाहिजेत, ते भेटले नाहीत. उसवले. जुनं कापड, उसवताना कडेचे धागे निघाले. कड छाटली. पुन्हा जोडले. पुन्हा उसवले. लुगड्याचं कापड तर इतकं विरलेलं की टाका कडेजवळ धरतच नाही, ओढला की वाट करून बाहेर येतो. आतून टाका घेतला तर चौकोन आकसतो.

सध्याचं माप : चार इंच. मूळ आराखडा चार फूट बाय तीन फुटांचा होता. हिशोब केला. आहे त्या चौकोनांत उशी होईल. बाळाला उशीही लागतेच.

टँकरला परवा गेलो होतो. रांग फार होती, परत आलो. केशरबाई रोज आणते. गटाच्या बायकांना सेवेची आवड असते.

कारखान्याचा निरोप नाही. मुकादम म्हणाला, यंदा काय उघडत नसतो, पुढच्या वर्षाचंही खरं न्हाई. त्याला आतली माहिती नसणार.

२२ मार्च, मंगळवार. दुपारी १२.

सकाळी अर्जुनरावांचा फोन. गीता पहाटे बाळंत झाली. तीन आठवडे आधीच. मुलगी. दोघी बऱ्या आहेत. मुलीचं वजन दोन किलो चारशे. मी विचारलं, काटा कुठला होता? ते हसले. मी गमतीनं विचारलं नव्हतं.

भिवरा रडली, हसली, मग म्हणाली, गाठोडं आना. बारसं दोन तारखेला. म्हणाली, काय झालं हाय तेवढं दाखवा, आन् लुगडं द्या, मी डाव्या हातानं आंथरते.

मी म्हटलं, भिवरा, बस जरा. म्हणाली, बसलेलीच हाय मी.

कॉटखालून डबा काढला. झाकण मीच उघडलं. तिनं डाव्या हातानं एक तुकडा उचलला. मांडीवर ठेवून त्याच्यावरून अंगठा फिरवला. मग दुसरा. मग काठाची पट्टी. विचारलं, सगळं? म्हटलं, सगळं. पट्टीचा दोष, ब्लेडचा दोष, खालून कापड लागतं म्हणून, सगळं सांगायची मी तयारी केली होती. नीट क्रमानं मांडलं होतं. तिनं तुकडे परत ठेवले, झाकण लावलं, उठली आणि केशरबाईच्या दारात गेली.

बाहेरून आवाज येत होता. केशरबाई मोठ्यानं म्हणाली, सगळं कापलं? कावून? भिवरा काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

आज चौकोनांना हात लावला नाही.

२६ मार्च, शनिवार. संध्याकाळी.

गोधडी झाली. तीन दुपारी लागल्या. म्हणजे केशरबाईचा अंदाज बरोबर निघाला.

आमच्याच ओसरीवर बसल्या पाच जणी. खाली केशरबाईचं स्वतःचं जुनं लुगडं, फिकट निळं, अख्खं. वर जिला जे सापडलं ते. कुणाचं धोतर, कुणाची साडी, आमच्या गाठोड्यातला भिवराचा एक परकर. कुणी काही मोजलं नाही. लागेल तसं फाडलं, ठेवलं, चारी बाजूंनी टाके घालत आत येत गेल्या. भिवरा प्लॅस्टरचा हात मांडीवर ठेवून डाव्या बोटानं दाखवत होती. इथं घे. तिथं सैल सोड. मी पहिल्या दिवशी दारात उभा होतो. पट्टी पाहिजे का विचारलं. ताराबाई नावाची म्हातारी म्हणाली, भाऊ, पट्टी र्‍हाऊ द्या, हंडे घ्या. टँकर आता दुपारचा येतोय, आन् आमी पाची जणी हितं बसलोय. आमच्या घरात पानी कोन आननार?

गेलो. तीन दिवस सहा घरांचं पाणी आणलं. पहिल्या दिवशी माझा नंबर एकतीस. रांगेतल्या बायका बघून हसल्या, मग माझा नंबर चुकला की ओरडून सांगू लागल्या. हंडा डोक्यावर घेता येत नाही, खांद्यावर घेतला. निम्मा सांडला. तिसऱ्या दिवशी थोडा कमी सांडला. टँकरच्या नळीखाली चिखल होता. तिथं रोज पाय जपून टाकला. भिवरा नेमकी कुठं पडली हे मी कुणाला विचारलं नाही. रांगेतल्या एका बाईनं आपणहून दाखवलं.

भिवरा पडली त्या दिवशी मला दहा मिनिटं लागणार नव्हती. ओळ लागलेलीच होती. उठता आलं असतं. हे इथं लिहून ठेवतो.

२ एप्रिल, शनिवार. माजलगावहून आल्यावर.

बारसं झालं. नाव अन्वी ठेवलं. मी दुसरं सुचवलं होतं.

पाळण्यात गोधडी अंथरली. अर्जुनरावांच्या आईनं उलटून पालटून पाहिली, म्हणाली, टाका लई बारीक हाय.  गीतानं बाळाला ठेवलं. मग गोधडीवरून हात फिरवू लागली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मला कळलं ती काय शोधतेय.  तिनं विचारलं, आई, आजीचं लुगडं कुठलं ग ह्यात?

मी तोंड उघडलं होतं. काय म्हणणार होतो मला माहीत नाही. भिवरा माझ्या आधी बोलली. म्हणाली, आत हाय. मधल्या थरात घातलंय, वर इरून गेलं आसतं म्हणून.

गीतानं गोधडीची कड दोन बोटांत धरून चोळली. गाल टेकवला. म्हणाली, व्हय, लागतंय की हाताला. किती मऊ हाय. आन् आजीचाच वास येतोय.

भिवरा म्हणाली, येनारच.

मला तिथं थांबता येईना. बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो. अर्जुनराव आले, म्हणाले, मामा, गरम होतंय का? म्हटलं, हो. लाज वाटत होती. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती.

परतताना एसटीत भिवरा खिडकीशी बसली. प्लॅस्टर परवाच निघालंय, हात बारीक झालाय, मूठ अजून मिटत नाही. तेलगाव जवळ आलं तेव्हा माझ्या मनात आलं, कुणास ठाऊक, बायकांनी शिवताना हिनं माझे तुकडे खरंच मधल्या थरात घातले असतील. मी तर तेव्हा पाण्याला गेलो होतो. मला कसं कळणार? जरा बरं वाटलं. विचारलं, भिवरा, ते तुकडे घातले होते का ग आत?

ती म्हणाली, न्हाई. डब्यात हायत तसेच.

घरी आल्यावर पाहिलं. डब्यातच आहेत. उद्यासाठी संकल्प लिहीत नाही.